तांब्याची जुनी नाणी : रंग कसा वाचायचा आणि टाकसाळीची खरी चूक कशी ओळखायची?

शुक्रवारपेठ

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतलं आमचं जुनं घर उतरवायचं काम सुरू आहे. माळ्यावरच्या एका पितळी डब्यात तांब्याची नाणी निघाली. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, चिंच लावून घासा, लख्ख होतील. तेवढं मी थांबवून ठेवलंय. इथल्या जाणकारांना विचारल्याशिवाय एकाही नाण्याला पाणी लावायचं नाही.

फोटो दिलेत, पण फोटोत सगळं उमटत नाही म्हणून लिहूनही सांगतो.

पहिलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८३५ चं पाव आणा. त्याच्या एका बाजूवर दोन रंग आहेत. बराचसा भाग काळपट चॉकलेटी, उरलेला लालसर. दोन रंगांमधली सीमा कमानदार आहे आणि अगदी ठळक आहे.

मग सातव्या एडवर्डचे १९०६ चे दोन पाव आणे. घेर तोच, नक्षी तीच, पण एक जाड आणि एक पातळ. तळहातावर घेतलं की फरक लगेच कळतो. एका विक्रेत्याला फोटो पाठवले तर ते म्हणाले, पातळ नाणं चुकीच्या चकतीवर छापलं गेलंय, फार दुर्मीळ आहे. लगेच किंमतही बोलले.

१८६२ च्या व्हिक्टोरियाच्या नाण्यावर नावातल्या शेवटच्या अक्षरांना सावली आहे, दोनदा छापल्यागत. पंचम जॉर्जच्या १९१९ च्या नाण्याच्या कडेचा एक तुकडा कमी आहे. आणि १८८७ चं 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' चक्क पांढरं आहे. शेजारचे काका म्हणतात चांदीचं.

शिवाय दोन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी. त्या डब्यात नव्हत्या, देवघरातल्या कलशात असायच्या. आजी सणासुदीला उजळायची, त्यामुळे बऱ्याच झिजल्यात. एकीवर 'श्री राजा' एवढंच दिसतं. दुसरीवर 'शीव' दीर्घ आहे. ही कोरणाऱ्याची चूक धरायची का?

रंग आपसूक आलेले आहेत का, आणि यात टाकसाळीची खरी चूक कुठली, एवढंच विचारायचं आहे.

गुजरीतला

दादा, चिंच लावू नगासा. लिंबू नको, भांडी घासायची पावडर नको, टूथपेस्ट तर नकोच नको. घासलेलं तांबं गुलाबी पडतंय आणि त्यावरची झाक मेलेली दिसतीय. घेणारा माणूस लांबनंच ओळखतोय आणि किंमत पाडून मागतोय.

आधी वजन करा. गुजरीत कुठल्याबी सराफाकडं दोन दशांशाचा काटा असतोय, कुणी नाही म्हणणार नाही. प्रत्येक नाण्याचं वजन वहीत लिहा आणि इथं टाका. टंच काढायच्या मशीनवर ठेवायची घाई करू नका. ती मशीन वरचा पातळ थरच बघतीय. वर मळ, कल्हई, मुलामा काय असलं तर तेच आकडे दाखवणार.

ताम्रमुद्रा

शुक्रवारपेठ, तुम्ही घासणं थांबवलंत हे फार चांगलं केलंत, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचा साक्षीदार एकच आहे. तो म्हणजे नाण्यावरचा रंग.

नाणं ठशाखालून बाहेर पडतं तेव्हा सगळीकडे सारखंच लाल असतं. नीट उठलेलं अक्षर असो की चुकून राहिलेला कडेचा तुकडा, त्या क्षणापासून हवा दोन्हींवर काम करायला लागते. म्हणून टाकसाळीत झालेल्या चुकीची जागा आणि बाकीचं नाणं यांचं कातडं एका वयाचं हवं. नंतर कुणी कानस मारली, चिमट्यात दाबलं, हातोडा घातला, तर तिथलं तांबं उशिरा उघडं पडतं आणि त्याचा रंग मागे राहतो. भिंगाखाली तो भाग जास्त लाल, जास्त चकचकीत किंवा नुसताच निर्जीव दिसतो.

हे उलटं मात्र लावू नका. ऐंशी-शंभर वर्षांपूर्वी मारलेली कानसही आता काळवंडलेली असणार. म्हणजे रंग वेगळा असेल तर टाकसाळीची चूक नाही, हे जवळपास पक्कं. रंग सारखा असेल तर नाणं पुढच्या तपासणीला पात्र ठरलं, इतकंच. नाणं चिंचेने धुतलं की हा सगळा पुरावाच जातो. मग जखम कुठली आणि जन्मखूण कुठली, हे कुणालाही सांगता येत नाही.

आता एकेक घेऊ.

१९०६ ची जोडी. विक्रेत्याचं ऐकू नका. १९०६ पर्यंत पाव आणा शुद्ध तांब्याचा होता, वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम. त्याच वर्षी नवा नाणेकायदा आला आणि तांब्याच्या जागी कांस्य आलं, तांब्यात थोडं कथील आणि जस्त मिसळलेलं. वजन ७५ ग्रेनवर, ४.८६ ग्रॅमवर उतरलं. घेर जवळपास तोच राहिला, जाडी कमी झाली. त्यामुळे १९०६ सालाची दोन्ही नाणी मिळतात आणि दोन्ही बरोबर आहेत. एकाच सालाची ही दोन रूपं घरच्याच डब्यात एकत्र मिळाली, याचं मला जास्त कौतुक वाटतं. शेजारी ठेवून रंगही बघा. निव्वळ तांबं आणि कथील असलेलं तांबं वेगवेगळ्या छटांनी जुनं होतं. पातळ नाणं बहुधा जरा पिवळसर तपकिरी असेल.

१८३५ चे दोन रंग. सीमा कमानदार आहे म्हणालात, तिथेच उत्तर आहे. डब्यातलं दुसरं एखादं पाव आणा घ्या, या नाण्याच्या वर न घासता अलगद धरा आणि त्याची कड त्या कमानीशी जुळते का पाहा. जुळली, तर हे नाणं वर्षानुवर्षं दुसऱ्या नाण्याखाली अर्धवट झाकलेलं होतं. उघड्या भागाला हवा लागली, तो काळवंडला. झाकलेला भाग लाल राहिला. असा रंग मुद्दाम आणणं कठीण असतं, म्हणून मला तो फार आवडतो.

१८८७ चं पांढरं नाणं. इथेही वजनच बोलेल. त्याच घेराचं आणि जाडीचं नाणं चांदीचं असतं तर साधारण ७.६ ग्रॅम भरलं असतं, कारण चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६. तुमचं सहा-सव्वासहा ग्रॅम भरलं तर आत तांबंच आहे. मग भिंगातून राणीचा गाल आणि केसांच्या बटा बघा. उंच भागावर पांढरा थर झिजून आतला लाल डोकावत असेल तर ती कल्हई किंवा पारा. घरी कल्हईवाला आला की पोरं पैसे पुढे करायची आणि तो हौसेने त्यावरून कथील फिरवायचा, हे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय. पारा असण्याची शंका वाटली तर ते नाणं तापवू नका, घासू नका, वेगळ्या झाकणाच्या डबीत ठेवा.

१८६२ ची सावली. दहापट भिंग लागेल. एकोणिसाव्या शतकात ठशावर अक्षरं आणि अंक पंचाने उठवायची पद्धत सर्रास होती. पंच दोनदा बसला आणि जागा किंचित सरकली तर ती दुहेरी ठशातच उतरते. अशा दुहेरीत दोन्ही प्रतिमा गोलसर, भरीव असतात आणि अक्षरांच्या टोकांना फाटा फुटलेला दिसतो. दुसरा प्रकार साधा. ठसा सैल असला की दाब देऊन वर उठताना तो अक्षराच्या कडेवरून घसरतो. तेव्हा अक्षराच्या बाजूला सपाट, बुटकी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर तितकंच बारीक होतं. पहिल्या प्रकाराला संग्राहक किंमत देतात, दुसऱ्याला नाही. बाजारात 'डबल डाय' म्हणून फिरणारी बहुतेक नाणी दुसऱ्या प्रकारातली असतात.

१९१९ ची कड. मला सगळ्यात जास्त उत्सुकता याचीच आहे. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर येते आणि तिचा चंद्रकोरीएवढा भाग कमी पडतो. अशा चकतीची काठ दाबून उंच करताना, कापलेल्या भागाच्या बरोबर समोरच्या बाजूला दाब मिळत नाही, म्हणून तिथली काठ दबकी राहते. कापाजवळची अक्षरं कापाकडे जराशी ओढली गेलेली दिसतात. नंतर कातरलेल्या नाण्यात यातलं काहीच नसतं. समोरची काठ खणखणीत असते आणि अक्षर सुरीने कापल्यासारखं मध्येच थांबतं. समोरच्या काठेचा फोटो टाका.

विज्ञानवाटा

रसायनशास्त्र शिकवते म्हणून रंगांबद्दल थोडं सांगते.

तांब्याला हवा लागली की आधी क्युप्रस ऑक्साइड तयार होतं, ते लालसर तपकिरी. हाच तो आपल्याला आवडणारा चॉकलेटी थर. तो दाट असतो आणि आतल्या धातूला राखतो. त्यावर पुढे काळं क्युप्रिक ऑक्साइड येऊ शकतं. हवेत गंधकाची संयुगं असतील तर सल्फाइडचा काळेपणा येतो, आणि तो फार लवकर येतो. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कपाटात, हिंगाच्या डबीशेजारी ठेवलेली नाणी आत खोलीत ठेवलेल्यांपेक्षा काळी असतात ती यामुळे. रबरबँडमध्येही गंधक असतो. नाण्यांच्या पुडीला रबर लावलं की त्याची काळी रेघ कायमची बसते. ती रेघ कुणी 'एरर' म्हणून दाखवली तर नवल वाटून घेऊ नका.

ओल आणि कर्बवायू मिळाले की मॅलाकाइट तयार होतं, गडद हिरवं आणि टणक. जमिनीतून आलेल्या नाण्यांवर ते असतं. त्याने नाण्याचं पुढे काही बिघडत नाही, काही संग्राहक तर त्यासाठीच नाणं घेतात.

घातक हिरवा वेगळा. फिकट, पोपटी-पांढरट, भुकटीसारखा, ठिपक्याठिपक्यांनी येणारा. दात कोरायच्या लाकडी काडीने हलकेच टोकरलं की भुकटी पडते, खाली बारीक खड्डा दिसतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा उगवतो. हा क्लोराइडचा रोग. इंग्रजीत याला ब्राँझ डिसीज म्हणतात, पण तो शुद्ध तांब्यालाही होतो. धातूत शिरलेलं क्लोराइड दमट हवेत आम्ल तयार करतं, ते तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड मोकळं होतं. हवा कोरडी केल्याशिवाय हे चक्र थांबत नाही.

क्लोराइड येतं घामातून, मिठातून, सांडपाण्यातून. कल्हईच्या कामात वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, हेही लक्षात ठेवा. शुक्रवारपेठ, तुमच्या पांढऱ्या नाण्यावर कुठे पोपटी ठिपका आहे का, जरूर बघा. असेल तर ते इतरांपासून आजच वेगळं करा.

आणि एक तिसरा हिरवा, चिकट, ओशट. तो नाण्याचा नसतोच, पीव्हीसीच्या मऊ पाकिटाचा असतो. ते प्लास्टिक कालांतराने आम्ल सोडतं आणि मऊपणासाठी घातलेलं तेल बाहेर येतं. शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं बुडवून ठेवलं की तो थर निघतो. ॲसिटोनने तांब्याचा मूळ रंग जात नाही. नखांचं रिमूव्हर मात्र चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. खिडक्या उघड्या, गॅस बंद, काचेची बशी, आणि पुसायचं नाही, नुसतं सुकू द्यायचं.

पुण्यातला कोल्हापुरी

निळी-जांभळी-केशरी झाक मारणारी तांब्याची नाणी ऑनलाइन खूप दिसतात. 'रेनबो टोनिंग' म्हणून दसपट भाव लावतात. हे खरं असतं का?

विज्ञानवाटा

असूही शकतं. ऑक्साइडचा थर फार पातळ असताना प्रकाशाच्या परावर्तनामुळे असे रंग दिसतात. जुन्या कागदात गुंडाळून पडलेल्या नाण्यावर ते हळूहळू येतात, कडेकडून आत येतात आणि एका रंगातून दुसऱ्यात सावकाश मिसळतात. तव्यावर तापवून किंवा गंधकाचं द्रावण लावून तेच रंग काही मिनिटांत आणता येतात. तेव्हा रंग भडक असतो, नाण्याच्या खोलगट कोपऱ्यांतही तेवढाच गडद पोचलेला असतो आणि घासल्याचे ओरखडे त्या रंगाखाली दिसतात. ओरखडा खाली आणि रंग वर, म्हणजे नाणं आधी घासलं आणि मग रंगवलं.

ताम्रमुद्रा

शेवटचं वाक्य प्रत्येकाने लिहून ठेवावं. नाणं खिडकीच्या उजेडात तिरकं धरा आणि हळूहळू फिरवा. झिजलेल्या पण न घासलेल्या तांब्यावर उजेड एकसंध सरकतो. घासलेल्यावर एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा चमकून उठतात, अक्षरांच्या बाजूला थांबतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. फ्लॅशने काढलेल्या फोटोत हे कधीच दिसत नाही, म्हणून विकणारे फ्लॅश वापरतात.

पुण्यातला कोल्हापुरी

आभार. किमतींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, 'जुनी नाणी द्या, लाखो मिळवा' असे मेसेज आमच्या नात्यातल्या ग्रुपवर सतत फिरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर सूचना काढली होती. बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून काही जण जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन किंवा कर मागतात, बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं त्यात स्पष्ट होतं. घरातल्या ज्येष्ठांना हे सांगून ठेवा. विकत घेणारा माणूस आधी तुमच्याकडूनच पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या.

नदीवेस

विज्ञानवाटा ताई, पोपटी भुकटीचं वाचून धस्स झालं. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी होतं. वडिलांनी जमवलेली नाणी लाकडी पेटीत होती, चिखलासकट तशीच राहिली. नंतर धुऊन, पुसून ठेवली. तेव्हापासून दर पावसाळ्यात काही नाण्यांवर तेच ठिपके उगवतात. भोकाचे पैसेसुद्धा आहेत त्यात, १९४३ ते ४७ चे. काही करता येईल का?

विज्ञानवाटा

येईल. आधी निवड करा. ठिपके आलेली वेगळी, न आलेली वेगळी. लाकडी पेटी सोडा, लाकूड ओल धरतं आणि आम्लही सोडतं.

ठिपक्यांवरची सुटी भुकटी काडीने काढा. नाणी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते चालेल. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. पाणी आठवड्याने बदलत राहा. कामाला काही महिने लागतील, हे मनात धरूनच सुरू करा. रोग जास्त असेल तर संवर्धनात खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांचं सौम्य द्रावण वापरतात, ते क्लोराइड ओढून घेतं. मात्र त्याने रंगात फरक पडू शकतो, म्हणून आधी सगळ्यात झिजलेल्या नाण्यावर बघा. चांगली, दुर्मीळ नाणी असतील तर घरी प्रयोग न करता संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

मग पूर्ण वाळवा. ओल आत राहिली तर सगळं फुकट. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि ते रंग बदलणारं घ्या म्हणजे कधी भाजून सुकवायचं ते कळतं. डब्यातली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर रोग बहुतेक निद्रिस्त राहतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या कपाटात हे शक्यच नाही.

नदीवेस

आजच सुरू करतो. वडिलांनी प्रत्येक पुडीवर साल लिहून ठेवलं होतं, ते अक्षर पुरात गेलं. नाणी तरी राहावीत एवढीच इच्छा आहे.

ताम्रमुद्रा

काडीने काढलेली भुकटी निरोगी नाण्यांजवळ झटकू नका. आणि सुकलेली नाणी पुन्हा एकत्र ओतू नका, प्रत्येकाला वेगळा मायलरचा चौकोन द्या, म्हणजे मायलर या निरुपद्रवी पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेला पुठ्ठा.

गुजरीतला

माझ्याकडं एक हाय. पाव आणा, एका बाजूला राजा नेहमीसारखा, दुसऱ्या बाजूला तोच राजा पण आत दबलेला आणि उलटा. आरशात बघितल्यागत. बाजारात लखी म्हणतात त्याला. खरं का खोटं ओळखायचं कसं? रेल्वे रुळावर ठेवून चपटी केलेली नाणी तर पोत्यानं येतात आमच्याकडं, ती बी लोक 'एरर' म्हणून आणतात.

ताम्रमुद्रा

लखी कशी घडते ते डोळ्यांपुढे आणा. एक नाणं छापून झालं पण ठशाला चिकटून बसलं, बाहेर पडलंच नाही. पुढची कोरी चकती आली. तिच्या एका बाजूला नेहमीचा ठसा, दुसऱ्या बाजूला ते चिकटलेलं नाणं. म्हणून एका बाजूवर प्रतिमा उठावदार, दुसऱ्या बाजूवर तीच प्रतिमा खोल आणि उलटी. दाब दोन्ही बाजूंना पूर्ण मिळालेला असतो, त्यामुळे उठावाची बाजू ठणठणीत असते. पहिल्याच चकतीवर पडलेली लखी सगळ्यात रेखीव. चिकटलेलं नाणं पुढच्या चकत्यांच्या दाबाने पसरत जातं आणि चेहरा मोठा, पुसट होत जातो.

खोटी लखी चिमट्यात किंवा हातोड्याने करतात. तयार नाण्यावर दुसरं नाणं दाबून. तेव्हा खोल प्रतिमेच्या आसपास मूळ अक्षरांचे अवशेष राहतात, आणि पलीकडची बाजू टेकूवर दबल्याने तिथले उंच भाग चपटे होतात. तुमच्या नाण्यावर राजाचं नाक आणि कान बघा. ते तीक्ष्ण असतील, दबलेल्या बाजूला दुसऱ्या छापाचा मागमूस नसेल, आणि खोल भागातल्या कोपऱ्यांत वरच्याइतकाच जुना तपकिरी रंग असेल, तर नाणं जपून ठेवा.

रुळावरच्या नाण्याचं वजन बदलत नाही, घेर वाढतो, काठ फाटते आणि अक्षरं एकाच दिशेने ताणली जातात. ती चूक नव्हे. टाकसाळीत नाण्याचा घेर आवळून धरणाऱ्या कडीबाहेर छापलेलं नाणंही पसरतं, पण त्याची अक्षरं मध्यभागी शाबूत असतात आणि पसरणं चारी बाजूंनी साधारण सारखं असतं.

इतिहासपान

शिवराईबद्दल कुणीच बोललं नाही अजून, म्हणून लिहितो.

शिवराईला कंपनीच्या नाण्यांचे नियम लावता येत नाहीत. ती हाताने पाडलेली. तांब्याची तोडलेली चकती, खाली एक ठसा, वर दुसरा, आणि घणाचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच बसतो. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', यातलं जेवढं चकतीवर आलं तेवढं आलं. तुमच्या नाण्यावर 'श्री राजा' एवढंच असणं ही चूक नाही, शिवराईचा तो स्वभावच आहे.

'शीव'चंही तसंच. शिव, शीव, सिव, छत्रपति, छत्रपती अशी नाना रूपं मिळतात. राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, ही नाणी पडू लागली आणि महाराजांच्या नंतरही पेशवाई संपेपर्यंत आणि त्याही पुढे वेगवेगळ्या ठिकाणी पडत राहिली. प्रत्येक ठिकाणच्या कोरणाऱ्याचा हात वेगळा. अभ्यासक या फरकांवरूनच प्रकार लावतात. दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, उत्तरकाळातली. शुक्रवारपेठ, तुमच्या दुसऱ्या नाण्यावर तशा रेघा आहेत का बघा.

शिवराईवर खरी चूक कशाला म्हणायची? दोनदा घाव बसून मजकूर एकावर एक आलेला असेल, किंवा लखी असेल. हाताने पाडलेल्या नाण्यांत लखी व्हायची, चकती वरच्या ठशाला चिकटली की झालंच. कडेला फटी असतील तर त्या घावाने पडलेल्या, त्यांनाही चूक म्हणत नाहीत.

जाता जाता आपल्या कोल्हापूरचं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या १९४५-४६ च्या उत्खननातल्या वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. समुद्रदेव पोसायडनची ती छोटी कांस्यमूर्ती बघायला जा आणि या धाग्यातलं सगळं डोळ्यांपुढे ठेवून तिचा रंग बघा. त्याच परिसरात विळिवायकुर, सिवलकुर या प्राचीन कुर राजांची धनुष्यबाणाची नाणी मिळाली. त्यातली बरीच शिशाची. शिसं जुनं होतं तेव्हा पांढरट-करडं होतं, हिरवं नव्हे. अशा नाण्याला तांब्याचे उपाय करू नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

आणि नदीकाठी, पाया खणताना नाणी सापडली तर ती खिशात घालायची नसतात. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शुक्रवारपेठ यांचा डबा घरचाच, माळ्यावर ठेवलेला, त्याची गोष्ट वेगळी. पण घर उतरवताय म्हणून सांगितलं.

शुक्रवारपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गुजरीत जाऊन वजनं करून आणली. सराफ दादांनी पाण्यातलं वजनही करून दिलं. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य केला, नाणं दोऱ्याने तळाला न टेकता बुडवलं आणि येईल तो आकडा लिहिला. हवेतल्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता.

जाड १९०६ भरलं ६.३१ ग्रॅम, पातळ ४.८०. म्हणजे ताम्रमुद्रा म्हणाले तसंच, दोन्ही बरोबर.

पांढरं १८८७ हवेत ६.२२, पाण्यात ०.७०. भागाकार ८.८९. चांदी नाही. राणीच्या केसांवर तांबूस दिसतंय. मागच्या बाजूला एक पोपटी ठिपकाही सापडला, ते वेगळ्या डबीत ठेवलं.

१८३५ च्या कमानीवर १८६२ चं पाव आणा धरलं, कड तंतोतंत बसली. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. चिंचेचा विषय आता कुणी काढत नाही.

१८६२ ची सावली सपाट आणि बुटकी आहे, अक्षराच्या एकाच बाजूला. शेवटची अक्षरं सुरुवातीच्या अक्षरांपेक्षा बारीक दिसतात.

१९१९ चं वजन ४.५२. कापाच्या समोरची काठ दबकी आहे! कापाच्या आतल्या भिंतीचा रंग बाकीच्या काठेसारखाच गडद तपकिरी आहे. फोटो खाली देतो.

दुसऱ्या शिवराईवर दोन रेघा आहेत.

ताम्रमुद्रा

फोटो मोठा करून बघितला. कापाजवळची अक्षरं कापाकडे ओढली गेलीत, समोरची काठ विरलीय, रंग एकजिनसी आहे आणि वजनातली घट कापाएवढीच वाटते. चारही गोष्टी एका दिशेने बोलतायत. माझ्या मते ही खरी कापचकती आहे, म्हणजे टाकसाळीतच तुकडा कमी पडलेली चकती. प्रत्यक्ष हातात घेऊन बघणाऱ्या एखाद्या जुन्या संग्राहकाचं मत घ्या, पण तुमच्या डब्यातली टाकसाळीची चूक हीच. १८६२ ची सावली ठसा घसरल्याची, ती सोडून द्या.

पाण्यातल्या वजनाबद्दल एक सांगतो. दोन दशांशाच्या काट्यावर तांबं आणि कांस्य यांत भेद करता येत नाही, आकडा जरा इकडेतिकडे झाला की उत्तर बदलतं. चांदीचा प्रश्न मात्र त्याने कायमचा मिटतो. पाण्यातून काढलेली नाणी डिस्टिल्ड वॉटरमधून काढून नीट वाळवलीत ना? नसतील तर आजच करा.

१९१९ चं नाणं मायलरच्या चौकोनात घाला. स्टेपलर मारलात तर पिना चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे पडतात. वजन, कुठल्या घरातून आलं आणि कधी मिळालं हे चौकोनावर पेन्सिलने लिहा. नाणं आत घातल्यावर लिहू नका, दाब पडतो.

शुक्रवारपेठ

वाळवली आहेत. शिवरायांचं काय करू? आई म्हणते त्या परत कलशात ठेवायच्या.

इतिहासपान

ठेवा की. आजीच्या हाताने झिजलेल्या आहेत त्या, त्यांची जागा तीच. फक्त आता उजळू नका. कलशातलं पाणी बदलताना काढून कोरड्या फडक्यावर टेकवा, पुसू नका. आणि दुदांडीच्या दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटो आधी काढून ठेवा. रेघांखाली अंक वाचता येतो का, ते मला बघायचं आहे.